चाकामागचं लिंबू

आमच्या लग्नाच्या बैठकीत एक गोष्ट सगळ्यांसमोर ठरली होती. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शेवटचं वर्ष सासरी राहून पूर्ण करू द्यावं, एवढंच वडिलांनी हात जोडून मागून घेतलं होतं. वडील गारगोटीच्या बाजारात मिरची आणि भुईमूग घेऊन कोल्हापूरला पाठवायचे. चौथीच्या पुढं आमच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं. मी पदवीधर होणार हे त्यांनी बाजारात इतक्या जणांना सांगितलं होतं, की ते झालं नसतं तर त्यांना त्या बाजारात मान वर करून बसता आलं नसतं. माझे सासरे कोल्हापुरात वकील होते. त्यांना मी मामंजी म्हणायची. बैठकीत मामंजी हसून म्हणाले, शिकू दे की, आमच्या घरात शिक्षणाला कोण न्हाई म्हणतंय. मग सुपारी फुटली.

लग्नानंतर जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा मी विषय काढला. मला बोलायचा धीर नव्हता, म्हणून जेवण वाढताना काढला. मामंजींनी नकार दिला नाही. त्यांनी फक्त जायचं कसं, ते विचारलं. आमचं घर नदीकडच्या पेठेत, कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला. वकिलांची सून टांग्यात किंवा रिक्षात बसून जाणार नाही. चालत तर मुळीच नाही. घरात फियाट गाडी होती आणि ती चालवायला एक वयस्कर ड्रायव्हर होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. पण कॉलेजच्या वेळेला चाचा मामंजींना कोर्टात नेत, आणि तरण्या सुनेला रोज एकटीला ड्रायव्हरबरोबर पाठवलं तर पेठेत काय बोलतील, असा प्रश्न सासूबाईंनी टाकला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

मग मामंजींनी तोडगा काढला. घरात गाडी आहे, तर सूनबाईनं गाडी शिकावी. सकाळी मला कोर्टात सोडावं, तशीच पुढं कॉलेजला जावं. ते असं काही बोलले की मला भरून आलं. कोल्हापुरात तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी एकच अट घातली.

"चढावर गाडी उभी करायची आणि माघारी न सरकता उचलायची. ज्या दिवशी जमंल त्या दिवसापासून तुला कॉलेजला पाठवतो."

सपाट रस्त्यावर गाडी चालवायला मला थोड्याच दिवसांत आली. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवरच असायचा, तो हाताला लवकर बसला. शिकवायला हे, म्हणजे माझे यजमान, शेजारी बसायचे. हे घरच्याच वकिलीत होते आणि मामंजींसमोर मोठ्यानं श्वासही घ्यायचे नाहीत. आम्ही दोघंच असताना ते बरे शिकवायचे. पण परीक्षा रविवारी व्हायची, टेंबलाईच्या टेकडीवर, आणि तिला सगळं घर असायचं. मागच्या सीटवर मामंजी, आत्याबाई आणि माझे धाकटे दीर. पुढं आम्ही दोघं. देवीला जायचं, चढाच्या मध्यावर गाडी थांबवायची, आणि मग दिरांनी खाली उतरून मागच्या चाकाच्या मागं लिंबू ठेवायचं.

लिंबाची कल्पना मामंजींची. नवी गाडी घेतली की पूजा करून चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी पुढं नेऊन ते चिरडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मामंजींनी ते उलटं केलं. लिंबू चाकाच्या मागं, वीतभर अंतरावर. गाडी मागं सरकली तर लिंबू फुटणार. लिंबू फुटलं तर सूनबाई घरी.

चढावरून गाडी उचलताना दोन पायांना तीन कामं करायची असतात, आणि तिथंच सगळं अडतं. ब्रेक सोडला की गाडी मागं जाते. ॲक्सिलरेटर देण्याआधी क्लच सोडला तर इंजिन हिसका देऊन बंद पडतं. हँडब्रेक ओढून धरला तर हे सगळं सोपं होतं. फियाटला तो डॅशबोर्डखाली होता, छत्रीच्या मुठीसारखा. पण मामंजींनी त्याला हात लावायची मनाई केली होती. हँडब्रेक गाडी उभी करून ठेवायला असतो, ज्याला चालवता येत नाही त्यानं वापरायला नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. आणि त्यांच्या देखत ह्यांची शिकवण्याची पद्धतही बदलायची. हे घाईघाईनं म्हणायचे, ब्रेक सोड, रेस दे, क्लच सोड. मी तशाच क्रमानं करायची. गाडी मागं जायची, मागून आत्याबाई देवीचं नाव घ्यायच्या आणि चाकाखाली काहीतरी मऊ फुटायचं.

त्याचा आवाज येत नाही. पण मला तो दर वेळी ऐकू यायचा.

मग दीर खाली उतरायचे आणि चपटं झालेलं लिंबू दोन बोटांत धरून खिडकीतून मला दाखवायचे. "वहिनी, सरबत करायचं का?" सगळे हसायचे. मामंजी हसायचे नाहीत. ते म्हणायचे, पुढच्या रविवारी बघू.

आत्याबाईंना हे लिंबू पहिल्यापासून पसंत नव्हतं. चाक मागं येऊन लिंबू चिरडलं तर घरातलं बरं मागं जातं, असं त्या म्हणाल्या. मामंजींनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी तो राग माझ्याकडं वळवला. एका रविवारनंतर दिरांना ताप आला, तो माझ्या लिंबानं. मामंजींचा एक दावा उडाला, तो माझ्या लिंबानं. दुधाचं पातेलं उतू गेलं तरी त्या माझ्या पायांकडं बघायच्या. लिंबू ठेवणारा वेगळा, ठेवायला सांगणारा वेगळा, पण गाडी माझ्या पायात होती. हळूहळू शेजारच्या बायकाही रविवारी संध्याकाळी दारात उभ्या राहायच्या, गाडी आली की आत्याबाईंना विचारायच्या, काय, फुटलं का? आणि आत्याबाई माझ्यासमोर उत्तर द्यायच्या.

असे बरेच रविवार गेले. कॉलेजमधली पहिली टर्म निम्मी संपली. माझी मैत्रीण वर्गात उतरवून घेतलेलं मला आणून द्यायची. घरचे तिला दारातच उभं करायचे, पाणीसुद्धा विचारायचे नाहीत.

एका रविवारी मी लिंबू फोडलंच, शिवाय इंजिन बंद पाडलं आणि ते परत सुरू होईना. मामंजी वैतागून उतरले. म्हणाले, बस आता हितंच, आम्ही देवीला जाऊन येतो, तोवर चाकाशी बोल. सगळे पायी वर गेले. हेही गेले. मी चढावर गाडीत एकटी राहिले. रस्त्यावर एक म्हैस आणि तिच्यामागं एक म्हातारी, एवढंच.

मला वाटतं, त्या चढावर पहिल्यांदा माझ्या मागच्या सीटवर कुणी नव्हतं. मी चप्पल काढली. जोडवी पेडलवर वाजायची, ती काढून पदराला बांधली. इंजिन या वेळी सुरू झालं. ब्रेक दाबलेलाच ठेवला आणि नुसता क्लच हळूहळू वर घेऊन बघितला. बंद पडलं. पुन्हा केलं. पुन्हा बंद पडलं. मग एकदा असं झालं की क्लच वर येता येता इंजिनाचा आवाज जड झाला, एखाद्याच्या डोक्यावर ओझं ठेवल्यावर होतो तसा, आणि गाडीचं अंग थरथरायला लागलं. ते माझ्या तळपायाला कळलं. तिथंच मी पाय थांबवला. ब्रेकवरचा उजवा पाय अगदी भीत भीत उचलला. गाडी मागं गेली नाही. पुढंही गेली नाही. उभी राहिली. मी रेस दिली, आणि ती वर चढली.

म्हणजे ह्यांनी शिकवलेला क्रमच उलटा होता. आधी क्लच त्या जागेवर आणायचा, गाडी ओढायला लागली की मगच ब्रेक सोडायचा. हे एवढं सोपं मला कुणी सांगितलं नाही. ह्यांना माहीत नव्हतं असं मी खूप वर्षं मानलं. पण असले चढ हे स्वतः कितीदा तरी चढले होते. स्वतःच्या वडिलांच्या देखत मी पास झालेली त्यांना चालली असती का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मी त्या दिवशी कुणाला काही बोलले नाही. गाडी उतरवून होती तिथं आणून ठेवली, जोडवी घातली आणि मुकाट बसले.

पुढच्या रविवारी लिंबू ठेवलं. मी गाडी उचलली. नुसती उचलली नाही, क्लचवर थोडा वेळ तशीच धरून ठेवली, दोन्ही बाजूंना बघितलं आणि मग सावकाश वर नेली. दीर लिंबू आणायला धावत गेले. ते अख्खं होतं, नुसती धूळ लागलेली. आत्याबाईंनी ते त्यांच्या हातातून घेऊन पदरानं पुसलं. मला वाटलं आता तरी त्या काही बरं बोलतील. त्या म्हणाल्या, एवढं येत होतं तर इतके दिवस आमच्या घराचं वाटोळं कशाला केलंस.

मामंजी मात्र खूश दिसले. घरी आल्यावर त्यांनी चाचांना अंगणात बोलावलं. चाचा त्यांच्याकडं ह्यांच्या जन्माच्या आधीपासून होते. मामंजी त्यांना म्हणाले की आता घरची सूनच गाडी चालवणार आहे, तेव्हा उद्यापासून तुम्ही आराम करा. आराम हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. चाचांनी गाडी पुसायचं फडकं पिळून तारेवर टाकलं आणि किल्ली मामंजींना न देता माझ्याकडं घेऊन आले.

"वहिनीसाब, माझी भाकरी तुमच्या पायाखाली हाय, हे मला म्हाईत न्हवतं. न्हाईतर मी पण देवीला सांगितलं असतं की, फुटू दे रोज लिंबू."

ते हसत बोलले. किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण हाताला हात लागू दिला नाही. मी किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी मामंजींना कोर्टात नेऊ लागले. त्यांना सोडून तशीच कॉलेजला जायचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, थांब, एक कागद घेऊन परत घरी जायचंय. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना महालक्ष्मीला न्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी पक्षकाराला स्टँडवर सोडायचं होतं. मग असं कारण सांगायचीही गरज राहिली नाही. सकाळी कोर्ट, मग आत्याबाई, दुपारी मामंजींचा डबा, संध्याकाळी परत कोर्ट. मामंजी मित्रांना सांगायचे, आमची सून गाडी चालवते. मित्र म्हणायचे, फार पुढारलेलं घर हाय तुमचं.

दिवाळीनंतर एकदा मी धीर करून गाडीत विचारलं. समोर बघूनच विचारलं, म्हणून जमलं. मामंजी, तुम्ही कॉलेजला पाठवतो म्हणाला होतात. ते मागून म्हणाले, "पाठवतो म्हणालो होतो. कधी, ते म्हणालो न्हवतो." आणि त्यांना स्वतःचंच बोलणं इतकं आवडलं की संध्याकाळी त्यांनी ते जेवताना सगळ्यांना सांगितलं. हेही हसले.

टर्म भरली नाही. पण परीक्षेला बाहेरून बसायची सोय होती. माझ्या मैत्रिणीनं गारगोटीला वडिलांना परीक्षेची फी भरायची आहे एवढंच कळवलं, वडील एस.टी.नं आले आणि तिनं भरलेल्या फॉर्मबरोबर फी भरून गेले. आमच्याकडं ते फक्त चहा घेऊन गेले. मामंजींनी त्यांना दाराबाहेर गाडी दाखवली, तुमची लेक चालवते म्हणाले. वडिलांनी गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला. लेक कॉलेजला जाते, असंच त्यांना वाटत होतं. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

मी अभ्यास कोर्टाच्या आवारात केला. मामंजी आत असायचे, मी झाडाखाली गाडीत. परीक्षा जवळ आली तेव्हा मी एवढंच मागितलं की पेपरच्या दिवशी सकाळी मला मोकळं करावं. मामंजींनी वर्तमानपत्रावरून नजर न काढता विचारलं, मग गाडी कोण चालवणार? वकिलानं स्वतः गाडी हाकत कोर्टात जायचं नाही, असं त्यांचं मत, त्यामुळं ह्यांचं नाव निघालंच नाही. चाचांना चार दिवस बोलवा असं मी म्हणाले, तर आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. काढलेल्या माणसाच्या पाया पडायचं का आता, तुझ्यासाठी?

मला भांडता येत नव्हतं. अजूनही नीट येत नाही. पण गाडी चढावर नुसत्या क्लचवर धरून ठेवली की एक वास येतो, हे मला टेंबलाईवरच कळलं होतं. ब्रेक सोडायचा आणि गाडी क्लचवर तोलून धरायची, तर क्लचची प्लेट आत घासत राहते आणि जळते. थोडा वेळ चालतं. रोज नाही चालत.

नदीकडून गावात यायला चढ होता, आणि सकाळी त्यावर नेहमी बैलगाड्या आणि टांगे अडलेले असायचे. मी त्यांच्यामागं गाडी थांबवायची आणि ब्रेकवरचा पाय काढून घ्यायची. गाडी जागच्या जागी उभी, ना पुढं ना मागं, अगदी गुणी. मामंजींना त्यातलं काही कळायचं नाही. उलट न सरकता किती छान उभी करते असं त्यांना वाटायचं. एकदा त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, काय जळतंय गं? मी म्हणाले, नदीकडं कुणी कचरा पेटवला असंल.

पहिला पेपर दोन दिवसांवर होता तेव्हा त्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी हलेना. मी हँडब्रेक ओढला. या वेळी त्याला कुणाची हरकत नव्हती. मामंजींना खाली उतरावं लागलं. काळा कोट, हातात फायली, कपाळावर घाम, असे ते बैलगाड्यांच्या बाजूनं तो चढ पायी चढले. एका गाडीवानानं त्यांना विचारलं, "काय पावणं, गाडी रुसली व्हय?" मी समोरच्या काचेतून, ते वर पोचेपर्यंत, नीट बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लग्नानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

गॅरेजवाल्यानं ह्यांना जळून काळी पडलेली प्लेट दाखवली. नवी पुण्याहून येणार, आठवडा तरी जाणार. घरात माझ्या ड्रायव्हिंगवर दिवसभर बोलणं झालं. बायकांच्या हातात गाडी दिली की हेच, असं दीर म्हणाले. मामंजी म्हणाले, हिच्या हातात आता किल्ली न्हाई. आणि गाडी न्हाई म्हणजे कॉलेजचा विषयही मिटला. मी खाली मान घालून भाकरी थापत होते. कुणाला शंकासुद्धा आली नाही. मला काही येत नाही, यावर त्यांचा इतका विश्वास होता.

पेपरच्या दिवशी मामंजी रिक्षानं कोर्टात गेले, हेही त्यांच्याबरोबर गेले. मी स्वयंपाक झाकून ठेवला, हात धुतले, पिशवी घेतली आणि आत्याबाईंना सांगितलं की पेपरला जाते. त्यांनी कशानं जाणार, ते विचारलं. मी म्हणाले, चालत. आणि पायरी उतरले. तो चढ मी भरभर चढले. पेठेतल्या बायका दारात आल्या. वकिलांची सून भर उन्हात पायी चालली होती, आणि त्यांना आत्याबाईंना विचारायला नवीन काहीतरी मिळालं होतं.

परत आले तेव्हा दाराला आतून कडी होती. मी हाक मारली. आत्याबाई दाराच्या पलीकडंच होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. कडी निघाली नाही. शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली. थोडा वेळ मी उभी राहिले, मग पायरीवर बसले.

ऊन कलल्यावर मामंजींची रिक्षा आली. ते पायरीपाशी थांबले. माझ्याकडं बघितलं, बंद दाराकडं बघितलं. त्यांना सगळं लगेच समजलं. माणसांचं त्यांना फार लवकर समजायचं.

"पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

"मग बस हितंच. उद्याचा पण बरा जाईल."

त्यांनी दार वाजवलं. कडी निघाली, ते आत गेले, त्यांच्यामागं हे गेले. हे माझ्याकडं न बघता गेले. कडी पुन्हा लागली. आत कपबशांचा आवाज झाला. मी पिशवीतून उद्याच्या पेपरचं पुस्तक काढलं आणि उजेड होता तोवर वाचलं.

त्यांचं खरं ठरलं. तो पेपर बरा गेला.